चार्ल्स बॅबेज व त्यांच्या यंत्राची घंटा

वडगावच्या ज्या मुलांनी लोणावळ्यापुढील खंडाळ्याचा घाट आगगाडीने उतरला असेल, त्यांच्या पाहण्यात एक गोष्ट आली असेल. मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी, जेथे ना गाव ना बाजार, गाडी क्षणभर उभी राहते व मग पुन्हा हळूहळू उतरू लागते. घाटात अशा जागी मुख्य मार्गापासून एक फाटा निघून उलट चढावर गेलेला असतो. रेल्वेची माणसे त्यास कॅच साइडिंग म्हणतात. सांधा एरवी या फाट्याकडेच लावून ठेवलेला असतो. गाडी आपल्या ताब्यात आहे, तिचे ब्रेक धरीत आहेत, हे गाडी उभी करून दाखविल्यावाचून खालचा मार्ग मोकळा होत नाही. ३७ फुटांस १ फूट अशा त्या उतरणीवर ब्रेक निकामी होऊन गाडी सुटलीच, तर ती आपोआप चढावर जाते आणि तिचा वेग तेथे मरतो.

हा फाटा ज्याने आखला त्याने नीट चालणाऱ्या गाडीचाच तेवढा विचार केला नाही. बिघडलेली गाडी कोठे जाईल हेही आधी ठरविले, आणि ती जागा बांधून ठेविली. गणित करणाऱ्या यंत्राच्या बाबतीत हाच विचार, विजेवर चालणारे संगणक निर्माण होण्याच्या शंभर वर्षे आधी, ज्यांनी केला त्या चार्ल्स बॅबेज यांचे चरित्र आम्ही यंदा वाचकांपुढे ठेवीत आहो. संगणकाचे जनक म्हणून हे नाव आमच्या विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकात वाचलेले असते. पण जनक म्हणजे त्यांनी नेमके काय केले, असे विचारले की बहुतेकांची गाडी तेथेच अडते.

चार्ल्स बॅबेज यांचा जन्म लंडन येथे २६ डिसेंबर १७९१ रोजी झाला. वडील बेंजामिन हे पेढीच्या धंद्यातील सधन गृहस्थ होते. मुलगा लहानपणी वरचेवर आजारी पडे, म्हणून त्यास काही काळ डेव्हनशायरमधील एका धर्मोपदेशकाच्या शाळेत ठेविले, व त्याच्या मेंदूस फार शीण देऊ नये अशी सूचना देण्यात आली. ही सूचना पाळणे त्या मुलाच्या स्वभावात नव्हते. कोणतेही खेळणे हाती आले की याच्या आत काय आहे, हा त्याचा पहिला प्रश्न असे. आणि उत्तराने समाधान झाले नाही तर खेळणे मोडून तो आत पाहत असे. एकदा आईने त्यास मर्लिन नावाच्या कारागिराचे यंत्रांचे प्रदर्शन दाखविण्यास नेले. तेथे माळ्यावर चांदीची एक नर्तकी होती; ती यंत्राने हालचाल करी. ती मूर्ती मुलाच्या मनात अशी ठसली की, पुढे १८३४ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तीच नर्तकी मोडक्या स्थितीत लिलावात निघाली तेव्हा त्यांनी ती विकत घेतली, दुरुस्त केली आणि आपल्या दिवाणखान्यात मांडली.

टॉट्नेस गावी डार्ट नदीत त्याने केलेला एक प्रयोग आमच्या विद्यार्थ्यांस आवडेल, मात्र इंद्रायणीत त्याची पुनरावृत्ती कोणी करू नये. पाय दाबला की उघडणाऱ्या व उचलला की मिटणाऱ्या बिजागरीच्या फळ्या पायांस बांधून पाण्यावर चालता येईल, अशी त्याची कल्पना होती. दोन्ही फळ्या सारख्या उघडल्या नाहीत, मुलगा एका कुशीवर कलंडला व बुडता बुडता वाचला. एनफील्ड येथील शाळेत एका मित्रासह पहाटे तीन वाजता गुपचूप उठून तो बीजगणित वाचीत बसे. हा क्रम कित्येक दिवस चालला, आणि अर्थातच अखेर गुरुजींस कळला.

१८१० साली बॅबेज केंब्रिज येथील ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. तेथील शिक्षकांस आपल्याइतकेही नवे गणित येत नाही असे त्यांना आढळून आले. जॉन हर्शेल व जॉर्ज पीकॉक या मित्रांच्या साहाय्याने त्यांनी १८१२ साली एक मंडळ काढले व युरोपातील सुधारलेले कलनशास्त्र इंग्लंडात आणण्याचा उद्योग आरंभिला. १८१४ साली पदवी मिळाली आणि त्याच वर्षी जॉर्जियाना व्हिटमोर हिच्याशी विवाह झाला. १८१६ साली रॉयल सोसायटीने त्यांस सभासद करून घेतले. त्याच सुमारास हिंदुस्थानात येणाऱ्या कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांस शिकविणाऱ्या हेलीबरी येथील कॉलेजात गणिताच्या जागेसाठी त्यांनी अर्ज केला होता. पण कंपनीच्या डायरेक्टरांपाशी वशिला नव्हता, त्यामुळे ती जागा मिळाली नाही. वशिल्याची ही कथा आमच्या पालकांस फारशी परकी वाटणार नाही.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. त्या काळी लॉगरिदम, सूर्यचंद्रांची स्थाने, भरतीओहोटी यांची कोष्टके माणसे हाताने मांडीत व छापखान्यात खिळे जुळवून ती छापीत. नावाडी याच कोष्टकांवरून भर समुद्रात आपले ठिकाण काढीत असत. एक आकडा चुकला तर जहाज खडकावर जाण्याची धास्ती. १८२१ साली खगोलमंडळासाठी तयार झालेली दोन स्वतंत्र कोष्टके बॅबेज व हर्शेल ताडून पाहत बसले असता चुकांमागून चुका निघू लागल्या. हे सर्व वाफेच्या यंत्राने केले असते तर किती बरे झाले असते, असा उद्गार बॅबेज यांच्या तोंडून निघाला. पुढे १८३४ साली लार्डनर या लेखकाने कोष्टकांचे चाळीस ग्रंथ घेतले. प्रकाशकांनी स्वतःच कबूल केलेल्या चुका त्यांत ३७०० भरल्या. कधी कधी तर शुद्धिपत्रातच चूक होऊन त्याचे शुद्धिपत्र काढावे लागे.

कोष्टके यंत्राने काढण्याची युक्ती फार सोपी आहे. १, ४, ९, १६, २५ हे वर्ग घ्या. त्यांमधील अंतरे ३, ५, ७, ९. या अंतरांची अंतरे सर्वत्र २. म्हणजे वर्ग काढण्यास गुणाकार नको. दोन मिळवीत मिळवीत वर चढले की पुढचा वर्ग हाती येतो. बेरीज करणे दातेरी चाकांस जमते. हे तत्त्व धरून बॅबेज यांनी एक लहान नमुना तयार केला व १४ जून १८२२ रोजी खगोलमंडळापुढे त्याचे वर्णन वाचले. पुढील वर्षी सरकारने पहिले १५०० पौंड दिले. या यंत्रास अंतरयंत्र असे नाव आम्ही देतो.

येथे त्यांची एक योजना आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. दातेरी चाक दोन आकड्यांच्या मध्ये अडकले तर काय होईल? साधा कारागीर म्हणेल, चाक तसे अडकू नये असे ते घासून गुळगुळीत करा. बॅबेज यांनी तेही केले, पण तेवढ्यावर विसंबले नाहीत. चाक थोडेसे सरकले असेल तर पाचरीसारखा एक भाग त्यास जागेवर आणील, आणि फारच सरकले असेल तर सबंध यंत्र जाम होईल, अशी रचना त्यांनी केली. चुकीचा आकडा छापून पुढे जाण्यापेक्षा यंत्राने मुकाट्याने उभे राहावे. कामगार चुकला तर लाजेने लपवितो; यंत्रास लाज नाही, पण त्यास थांबण्याची सोय आधीच करून द्यावी लागते.

या कामाबद्दल खगोलमंडळाने १८२४ साली त्यांस सुवर्णपदक दिले. त्या वेळी मंडळाचे अध्यक्ष हेन्री कोलब्रुक हे होते. आमच्या वाचकांनी हे नाव ध्यानात ठेवावे. कोलब्रुक यांनी हिंदुस्थानात बरीच वर्षे काढली होती व ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांच्या गणितग्रंथांचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८१७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले होते. शके १०३६ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी खानदेशात, चाळीसगावाजवळील पाटण येथे मठ स्थापिला; तेथील १२०७ सालचा शिलालेख त्याची साक्ष देतो. भास्कराचार्यांपुढे एक प्रश्न उभा होता : कोणत्याही संख्येस शून्याने भागले तर काय येते? त्यांनी त्या राशीस खहर असे नाव दिले, आणि तीत काहीही मिळविले किंवा तीतून काहीही वजा केले तरी ती बदलत नाही, असे सांगितले. आजच्या गणितशास्त्रास हे उत्तर सर्वस्वी मान्य होणार नाही. पण जेथे नेहमीचा नियम चालत नाही ती जागा ओळखून तिला वेगळे नाव व वेगळा नियम द्यावयाचा, ही दृष्टी त्यात स्पष्ट आहे. भास्कराचार्यांचा भाषांतरकार बॅबेज यांस पदक देतो, या योगायोगावरून एकाचा विचार दुसऱ्याकडे गेला असे आम्ही म्हणत नाही. शून्याचा प्रश्न मात्र बॅबेज यांच्याही वाट्यास आलाच.

त्याआधी संसारातील घाव सोसावे लागले. १८२७ साली अवघ्या काही महिन्यांत वडील, चार्ल्स नावाचा मुलगा, पत्नी जॉर्जियाना व नुकतेच जन्मलेले मूल ही सर्व मृत्यू पावली. बॅबेज यांची प्रकृती ढासळली व ते वर्षभर युरोपात हिंडत राहिले. १८२८ साली ते केंब्रिज येथे न्यूटनच्या गादीवर प्राध्यापक नेमले गेले व १८३९ पर्यंत त्या जागी होते, पण तेथे त्यांनी एकही व्याख्यान दिले नाही. सारे चित्त लंडनमधील यंत्रात होते. जोसेफ क्लेमंट हा अत्यंत कुशल कारागीर त्या कामावर होता. त्याच्या कारखान्यात तयार झालेले जोसेफ व्हिटवर्थ यांनी पुढे स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण ठरवून दिले, यावरून त्या कारखान्याची योग्यता दिसून येईल. १८३२ साली यंत्राचा सुमारे सातवा हिस्सा जुळविण्यात आला व तो उत्तम चालला. नंतर पैसा व कारखान्याची जागा यांवरून तंटा होऊन १८३३ मध्ये काम बंद पडले. बॅबेज यांचा स्वभावही तडजोडीचा नव्हता, हे सांगितले पाहिजे. १८३४ साली त्यांची एकुलती मुलगीही वारली.

त्याच दुःखाच्या वर्षी त्यांच्या मनात दुसरे, फार मोठे यंत्र आकार घेऊ लागले. अंतरयंत्र एकच प्रकारचे काम करी. हे नवे विश्लेषणयंत्र सांगावे ते गणित करणार होते. त्याचे दोन मुख्य भाग होते. एकात संख्या साठवून ठेवावयाच्या; त्यास बॅबेज यांनी कोठार म्हटले. दुसऱ्यात त्यांवर क्रिया करावयाची. त्यास गिरणी म्हटले. आज आपण मेमरी व प्रोसेसर म्हणतो ते हेच. कोणती क्रिया केव्हा करावयाची हे भोके पाडलेल्या कार्डांवरून यंत्रास कळणार होते. सोलापूरच्या चादरींवरील नक्षी ज्या जॅकार्ड मागावर उठते, त्याच मागाची ती कार्डे. अशा २४,००० कार्डांनी विणलेले जॅकार्डचे रेशमी चित्र बॅबेज पाहुण्यांस दाखवीत असत. पुष्कळांस ते कोरीव छापील चित्रच वाटे.

या यंत्रास लॉगरिदमची गरज लागली तर काय होई ते पाहा. यंत्र घंटा वाजवी व थांबे. जवळचा नोकर येऊन पाही तो तबकडीवर कोणत्या संख्येचे लॉगरिदम हवे ते दिसे. समजा २३०३ चे. त्याने खणातून त्या संख्येचे कार्ड काढून यंत्रात घालावयाचे. पण नोकर चुकला तर? कार्डावर मूळ संख्याही भोकांनी लिहिलेली असे. यंत्र ती आपणांस हव्या असलेल्या संख्येतून वजा करी. बाकी शून्य आली तर काम पुढे चाले; नाही आली तर पहिलीपेक्षा मोठी घंटा वाजे, आणि कार्ड चुकीचे आहे अशी पाटी पुढे येई. शिक्षकांनी चुकलेल्या मुलास दोनदा हाक मारावी, दुसरी हाक पहिलीहून चढी असावी, तसा हा प्रकार आहे.

१८४० साली बॅबेज इटलीत ट्यूरिन येथे गेले व तेथील विद्वानांस त्यांनी हे यंत्र समजावून दिले. मेनाब्रिया नावाच्या तरुण लष्करी इंजिनिअराने, जो पुढे इटलीचा पंतप्रधान झाला, त्यावर १८४२ साली फ्रेंच भाषेत एक निबंध प्रसिद्ध केला. कविवर्य बायरन यांची कन्या एडा लव्हलेस हिने त्याचे इंग्रजी भाषांतर करून १८४३ साली मुळाच्या जवळजवळ तिप्पट लांबीच्या टीपांसह ते छापविले. या निबंधात एक लहानसा भाग आहे, तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. गणित चालू असता एखादी राशी शून्यातून किंवा अनंतातून जाते, तेव्हा पुढील नियम बदलतात. जुनीच रीत चालू ठेविली तर उत्तर निरर्थक येते. अशा वेळी यंत्र घंटा वाजवून थांबेल, आणि नोकराने त्यास पुढील कामास लावीपर्यंत थांबून राहील. पण गणित मांडणाऱ्याने हा प्रसंग आधीच ओळखून ठेविला असेल, तर घंटा वाजणार नाही. त्या प्रसंगासाठी निराळी करून ठेविलेली कार्डे यंत्र आपणच पुढे घेईल आणि काम चालू राहील.

या थोडक्या मजकुरात एक संबंध शास्त्र बीजरूपाने आहे. आजच्या संगणकशास्त्रात अशा प्रसंगास एक्सेप्शन, म्हणजे अपवाद, व त्यासाठी तयार ठेविलेल्या आज्ञावलीस हँडलर म्हणतात. हँडलर दोन प्रकारचे असतात : यंत्राबरोबर आलेला, जो बहुधा घंटा वाजवून काम बंद करतो; आणि गणित मांडणाऱ्याने स्वतः बसविलेला. तो बसवितात कोठे, हे वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठी थोडे विस्ताराने सांगतो.

संगणकाची मेमरी म्हणजे ओळीने मांडलेले कप्पे. प्रत्येकास क्रमांक असतो व मोजणी शून्यापासून होते. १९५१ साली अमेरिकेत युनिव्हॅक नावाचा संगणक विक्रीस आला. बेरजेचे उत्तर कप्प्यात मावेनासे झाले की तो आपले काम सोडून शून्य क्रमांकाच्या कप्प्यात लिहिलेल्या दोन आज्ञा पाळीत असे. गणित मांडणाऱ्याने त्या आधीच तेथे लिहून ठेवावयाच्या. पुढे १९७८ साली इंटेल कंपनीचा ८०८६ हा प्रोसेसर निघाला. त्याच्या मेमरीतील अगदी तळाचे १०२४ बाइट याच कामासाठी राखलेले होते. चार-चार बाइटांची २५६ घरे. प्रत्येक घरात त्या त्या अपवादाचा हँडलर मेमरीत कोठे आहे त्याचा पत्ता. पहिले घर शून्य क्रमांकाचे, आणि ते भागाकार फसला असता उपयोगी पडते. शून्याने भागण्यास सांगितले की प्रोसेसर आपण कोठे होतो ते टिपून ठेवतो, शून्याच्या घरातील पत्ता वाचतो आणि तेथे जातो. खहरास अशा रीतीने हक्काचे घर मिळाले!

स्वतःचा हँडलर बसवावयाचा तर त्या घरातील जुना पत्ता आधी जपून ठेवावा लागतो, कारण आपले काम संपल्यावर तो परत लिहावयाचा असतो; न लिहिला तर पुढील आज्ञावलीचा अपवाद आता रिकाम्या झालेल्या घराचे दार ठोठावतो. नवा पत्ता दोन भागांत लिहिला जातो. अर्धा लिहून झाला आणि तेवढ्यात व्यत्यय आला, तर प्रोसेसर अर्ध्या जुन्या व अर्ध्या नव्या पत्त्यावर, म्हणजे भलतीकडेच, जाईल. यास्तव लिहिताना व्यत्यय बंद ठेवितात. हँडलरने कामास लागण्यापूर्वी प्रोसेसरच्या हातातील सर्व आकडे, म्हणजे रजिस्टरे, बाजूस ठेवावी व जाताना जशीच्या तशी परत करावी. आणखी एक खोच अशी की, ८०८६ हा परत येताना फसलेल्या आज्ञेच्या पुढच्या आज्ञेवर येई. त्याच्या पुढील पिढीतील ८०२८६ हा फसलेल्या आज्ञेवरच परत येऊ लागला. भाजक न बदलता नुसते परत फिरणारा हँडलर तेथे पुन्हा पुन्हा त्याच खड्ड्यात पडतो. आजच्या संगणकांत ही तळाची घरे सामान्य आज्ञावलीस उघडी नसतात. चालक प्रणाली त्यांवर पहारा करते व तिच्यामार्फतच विनंती करावी लागते. लहान यंत्रांच्या प्रोसेसरवर काम करणारे मात्र अजून ही घरे स्वतःच्या हाताने भरतात.

घंटा वाजवून थांबणे हे नेहमीच शहाणपणाचे असते असे नाही. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ या युरोपीय अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले. वेगाशी संबंधित एक मोठी संख्या १६ बिटांच्या घरात कोंबण्याचा प्रसंग आला. तेथे ३२,७६७ हून मोठी संख्या मावत नाही. अपवाद उठला, त्यासाठी वेगळी सोय केलेली नव्हती. ठरलेला नियम असा की प्रोसेसरने बंद व्हावे. तो बंद झाला, व त्याच्या जोडीचा राखीव प्रोसेसरही त्याच कारणाने बंद झालेला होता. अवघ्या सुमारे ३७ सेकंदांत अग्निबाण मार्ग सोडून फिरला व नष्ट झाला. ज्या गणितात ही चूक झाली ते उड्डाणानंतर लागणारही नव्हते. बॅबेज यांच्या घंटेपाशी निदान एक नोकर उभा होता. आकाशात कोण धावून येणार? म्हणून कोठे थांबावयाचे आणि कोठे निराळी कार्डे तयार ठेवावयाची हा निर्णय माणसानेच, आणि आधी, करावा लागतो.

खुद्द बॅबेज यांच्या विश्लेषणयंत्रास हे प्रसंग कधी आलेच नाहीत, कारण ते पूर्ण झालेच नाही. १८४२ साली सरकारने अंतरयंत्राचा नाद अखेर सोडला. तोवर सुमारे १७,००० पौंड खर्च झाले होते. पंतप्रधान सर रॉबर्ट पील यांची बॅबेज यांनी भेट घेतली, परंतु ती दोघांच्याही संतापात संपली. सरकारचेच सर्वस्वी चुकले असे आम्हांस वाटत नाही. एक यंत्र अपुरे असता त्याहून मोठे यंत्र आपण शोधले आहे असे सांगणाऱ्या माणसास पुन्हा पैसे द्यावयास कोणता खजिनदार तयार होईल? तथापि बॅबेज यांनी स्वतःचा पैसाही या कामी पाण्यासारखा ओतला व यंत्रापासून एक दमडीही मिळविली नाही, हेही खरे.

आगगाडीविषयीही त्यांचे डोके असेच चाले. लिव्हरपूल व मँचेस्टर यांमधील लोहमार्ग सुरू झाला तेव्हाच इंजिनापुढे रुळावरील अडथळे बाजूस सारणारा लोखंडी फाळ लावावा, व इंजिन रुळांवरून घसरले तर डबे आपोआप सुटे व्हावेत, अशा सूचना त्यांनी केल्या होत्या. पुढे ग्रेट वेस्टर्न रेल्वेवर एका डब्यात उपकरणे मांडून गाडीचे धक्के व वेग कागदाच्या लांब गुंडाळीवर आपोआप लिहवून घेण्याचा प्रयोग त्यांनी केला, आणि अपघातानंतर कारण कळावे म्हणून प्रत्येक गाडीत असे उपकरण असावे असे सुचविले. विमानांत आज जी नोंदपेटी असते तिचेच हे पूर्वरूप.

उतारवयात लंडनच्या डॉर्सेट स्ट्रीटवरील घरी रस्त्यावरच्या बाजेवाल्यांनी त्यांस फार सतावले. आपली एक चतुर्थांश कार्यशक्ती या गोंगाटाने नष्ट झाली असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी तक्रारी केल्या, खटले भरले, आणि रस्त्यावरील वाद्यांवर बंधन घालणारा कायदा १८६४ साली झाला त्यात त्यांच्या खटपटीचा वाटा होता. याचा परिणाम उलटाच झाला. लोक मुद्दाम त्यांच्या खिडकीखाली येऊन वाजवू लागले. यंत्राने व्यत्यय कसा सोसावा हे ज्यांनी इतके बारकाईने आखले, त्यांस स्वतःस व्यत्यय सोसवत नव्हता. १८ ऑक्टोबर १८७१ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. केन्सल ग्रीन येथील दफनभूमीत त्यांस पुरण्यात आले. बरोबर माणसे थोडीच होती.

त्यांचे पुत्र हेन्री हे १८४३ पासून हिंदुस्थानात बंगालच्या सैन्यात अधिकारी होते. लष्करातून निवृत्त झाल्यावर त्यांनी वडिलांचे कागद, आराखडे व धातूचे तुकडे जमवून विश्लेषणयंत्राच्या गिरणीचा एक भाग सिद्ध केला. १९१० साली त्या भागाने पायच्या पटींची यादी छापून दाखविली, पण तीत चुका होत्या. हेन्री १९१८ साली वारले.

बॅबेज यांनी १८४७ ते १८४९ या काळात सुधारलेल्या दुसऱ्या अंतरयंत्राचे आराखडे करून ठेविले होते. लंडनच्या सायन्स म्युझियमने त्यांच्या जन्मास दोनशे वर्षे झाली त्या निमित्ताने ते यंत्र १९९१ साली तयार केले. आराखड्यांत काही थोड्या चुका आढळल्या त्या दुरुस्त केल्या. साहित्य व घडण यांतील बारीकपणा मात्र बॅबेज यांच्या काळी जितका साधला असता तितकाच ठेविला. जुळणी चालू असता यंत्र वारंवार जाम होई, आणि प्रत्येक वेळी कोठे तरी एखादे चाक आपल्या जागेवरून सरकलेले सापडे. ते नीट बसविल्यावर मुठीने दांडा फिरवून यंत्र चालविले गेले, व त्याने ३१ आकड्यांपर्यंतची उत्तरे बिनचूक दिली. छापण्याचा भाग त्यास २००२ साली जोडण्यात आला.